गॅस गिझर बाथरूमबाहेर काढायचाय. सातारा-सांगलीकडे कुणी केलंय का?

मंगळवारपेठी | 4 जानेवारी, रात्री 9:52

घर साताऱ्यात, मंगळवार पेठेत. जुना वाडा पाडून 1996 ला बांधलेलं, त्यामुळे बाथरूम त्या वेळच्या मानाने, म्हणजे 4 बाय 6. वर काचेच्या पट्ट्यांची खिडकी आहे, पण थंडी पडली की आई तिला पुठ्ठा लावते. आणि त्याच खोक्यात गेली बारा वर्षं गॅस गिझर टांगलेला आहे.

गेल्या रविवारी भाची आली होती. केस धुवायला गेली ती अर्ध्या तासाने भिंत धरून बाहेर आली. डोकं जड, मळमळ, पायांत त्राण नाही. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. बहिणीने "काही न खाता अंघोळीला जाते" म्हणून तिलाच फैलावर घेतलं. थोड्या वेळाने पोरगी सावरली, पोहे खाल्ले, विषय संपला. मला मात्र रात्री झोप लागेना. मग आठवलं, बायकोचंही हिवाळ्यात अंघोळीनंतर डोकं दुखतं. ते आम्ही इतकी वर्षं थंडीच्या खात्यावर टाकत होतो.

आता गिझर मागच्या बोळात, बाहेरच्या भिंतीवर न्यायचं मनात आहे. प्लंबर म्हणतो, "साहेब, बोगद्याकडनं वारं सुटलं की दिसातनं धा वेळा इझंल. आत हाय त्ये बरं हाय." आबा म्हणतात, बारा वर्षांत कुणाला काय झालं? तर ज्यांनी खरोखर बाहेर काढलाय त्यांनी सांगा, वारा, पाऊस आणि प्रेशर यांचं काय केलंत?

निवांत | 4 जानेवारी, रात्री 9:58

सोलर.

मंगळवारपेठी | 4 जानेवारी, रात्री 10:03

आलंच! दक्षिणेला अपार्टमेंट उभी राहिलीय हो. हिवाळ्यात गच्चीवर ऊन दोन तास, तेही आईच्या सांडग्यांनी आधीच धरून ठेवलेलं असतं.

निवांत | 4 जानेवारी, रात्री 10:05

मग सांडगे बाथरूममध्ये आणि सोलर गच्चीवर. (पळतो.)

कुपवाडकरीण | 4 जानेवारी, रात्री 10:41

आम्ही 2021 च्या दिवाळीआधी काढला. कारण तुमच्यासारखंच, फक्त आमच्याकडे दार फोडावं लागलं. माणूस वाचलं, एवढंच लिहिते.

काढल्यावर पहिले आठ दिवस घरात एकच तक्रार, पाणी तापत नाही. तापत होतं, पण नळापर्यंत यायला वेळ लागत होता. आधी गिझर नळापासून हातभर, आता वळसा धरून वीस-बावीस फूट. त्या पाइपात थांबलेलं गार पाणी आधी बाहेर येणारच. सासूबाई ते वेगळ्या तांब्यात धरतात आणि जास्वंदीला घालतात. जास्वंद जोरात आहे.

आमची चूक झाली ती पाइपात. प्लंबरने गार पाण्याचाच पांढरा यूपीव्हीसी गरम लायनीला वापरला. दोन महिन्यांत पाइप मधोमध झोळीसारखा लोंबला आणि सांधे गळायला लागले. गरम पाण्याला सीपीव्हीसीच हवा. तो पिवळसर असतो, बघून कळतं. बाहेरच्या भागावर काळ्या फोमची नळी चढवून घ्या, उन्हापासूनही वाचतो आणि पाणीही वाटेत निवत नाही.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. मे महिन्यात कुंभारीण माशीने बर्नरखाली मातीचं घर बांधलं. निळी ज्योत पिवळी झाली, वरच्या पत्र्यावर काजळी धरली. तेव्हापासून मी महिन्यातून एकदा बॅटरी मारून खालून बघते. गिझर बाहेर गेला की तो घरातला राहत नाही, परसातला होतो. पाली, कोळी, माश्या सगळ्यांचा.

जुनंतेसोनं | 5 जानेवारी, सकाळी 7:20

आबांशी सहमत. आमच्याकडे विश्रामबागेत 15 वर्षं आत आहे. खिडकी उघडी ठेवायची, झालं. हल्ली प्रत्येक गोष्टीचा बाऊ करायची पद्धत पडली आहे. उद्या म्हणाल गॅसची शेगडीपण अंगणात न्या.

बंबातला_जाळ | 5 जानेवारी, सकाळी 7:44

अंगणातच होती की चूल! माझं आजोळ वाळव्याचं. परसात तांब्याचा बंब, शेजारी तुरकाट्या, चिपाडं नि कणसांच्या बुरकुंडांचा ढीग. पहाटे आजी जाळ घालायची, मधल्या नळकांड्यातून धूर वर जायचा आणि आम्ही टॉवेल गुंडाळून त्याच्याभोवती कोंडाळं करायचो. जेवढं गरम काढशील तेवढं गार वरून घाल, हा नियम मोडला तर मार, कारण बंब कोरडा तापला की सांध्याचा डाग (झाळलेला जोड) सुटायचा आणि तो परत लावायला बाजाराच्या दिवशी इस्लामपूरला न्यावा लागायचा. राख भांडी घासायला. गिझरची राख कोण देणार?

तोलमोल | 5 जानेवारी, सकाळी 7:59

बंब आहे का अजून? तांब्याचा भाव बघितलात का?

बंबातला_जाळ | 5 जानेवारी, सकाळी 8:02

धाकट्या मामाने बघितला होता. म्हणूनच नाही आता.

गणिती_किडा | 5 जानेवारी, सकाळी 9:15

जुनंतेसोनं, तुमचा खिडकीचा मुद्दा आकड्यांत मांडतो.

मिनिटाला 6 लिटर पाणी देणारा गिझर. पाणी 25 अंशांनी तापवायचं तर मिनिटाला 150 किलोकॅलरी. कार्यक्षमता 80 टक्के धरली तर तासाला साधारण एक किलो गॅस जळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला 13 घनमीटरच्या आसपास हवा लागते. म्हणजे 10 मिनिटांच्या अंघोळीला सव्वादोन घनमीटर. धागाकर्त्यांचं बाथरूम 4 बाय 6, उंची 8 फूट धरली तर जेमतेम साडेपाच घनमीटर. आणि सगळी हवा संपेपर्यंत ज्योत व्यवस्थित जळत राहते असंही नाही. हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो, तो दोन-तीन टक्क्यांनी उतरला तरी जळण अर्धवट व्हायला लागतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो. आता भाची किती वेळ आत होती ते परत वाचा.

बारा वर्षं काही झालं नाही कारण बारा वर्षं सगळे बादलीवर, सात मिनिटांत उरकत होते.

चहाबाज | 5 जानेवारी, सकाळी 9:21

सात मिनिटांत अंघोळ? आमच्या हॉस्टेलचे रेक्टर का तुम्ही?

मिरजेचा_डॉक्टर | 5 जानेवारी, दुपारी 2:10

मधल्या सुट्टीत लिहितोय.

हा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही. गॅस गळती झाली की जो वास येतो तो एलपीजीत मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा, आणि तो जळून गेलेला असतो. त्यामुळे "वास आला असता की" या भरवशावर राहू नका. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक ताकदीने चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग पाय जातात. सगळ्यात वाईट हेच, की आपल्याला काहीतरी होतंय हे कळेपर्यंत उठून कडी काढायची ताकद गेलेली असते.

आमच्याकडे बरेचदा "बाथरूममध्ये फिट आली" म्हणून पेशंट आणतात. कांदा हुंगवलेला असतो, चप्पल नाकाला लावलेली असते. मिरगीची औषधं सुरू करण्याआधी घरात गॅस गिझर आहे का, हे विचारावं लागतं. आणि करोनात घेतलेलं ते बोटाचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं आणि ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही, ते खुशाल 98 दाखवतं.

असं कुणाला झालं तर दार-खिडक्या उघडून आधी बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात न्या. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू जायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. मंगळवारपेठी, भाचीला एकदा दाखवून घ्या. आणि गिझर बाहेर निघेपर्यंत तो बंद ठेवा, "जपून वापरू" नको.

मंगळवारपेठी | 5 जानेवारी, दुपारी 2:34

डॉक्टर, धन्यवाद. भाचीला संध्याकाळी नेतो. गिझरचा कॉक आत्ताच बंद केला. आबा चुलीवरच्या पातेल्याकडे बघून पुटपुटतायत.

जुनंतेसोनं | 5 जानेवारी, दुपारी 3:05

पण खिडकी उघडी असेल तर?

मिरजेचा_डॉक्टर | 5 जानेवारी, रात्री 10:50

तर धोका कमी, शून्य नाही. आणि काका, जानेवारीत तुमच्या घरी ती खिडकी कोण उघडी ठेवतं, तेवढं उद्या सकाळी बघा.

विजेचा_खांब | 6 जानेवारी, सकाळी 8:30

एवढी यातायात कशाला? गॅस काढा, 15 लिटरचा इलेक्ट्रिक लावा. 2000 वॅटचा असतो. एक बादली पाणी 30 अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटच्या वर थोडी वीज. आत ठेवला तरी धूर नाही.

मंगळवारपेठी | 6 जानेवारी, सकाळी 8:52

विचार केला होता. सकाळी सहा ते साडेसात चौघांच्या अंघोळी, आणि पहाटे लाइट गेली की चौघंही पारोसे. शिवाय वायरिंग 1996 चंच आहे. इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला आणि म्हणाला, "ह्याला अर्थिंग हाय असं वाटतंय." वाटतंय म्हणजे काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

विजेचा_खांब | 6 जानेवारी, सकाळी 8:55

मग राहू द्या. आधी अर्थिंग आणि 30 मिलीअँपियरचा ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), मग बाकीच्या गप्पा. आणि इलेक्ट्रिक गिझर मात्र कुणी पावसात बाहेर टांगू नका, हेही याच धाग्यात लिहून ठेवतो. नाहीतर पुढच्या धाग्यात भेटू.

फिटर_तात्या | 6 जानेवारी, रात्री 9:30

राम राम. मी कराडचा, गिझरचंच काम करतो, 22 वर्सं झाली. पोरगं टाइप करून देतंय, चुका त्याच्या.

वाऱ्यानं इझतोय ह्ये खरं. पर इझला म्हणून ग्यास सुटत न्हाई. बर्नरपाशी सेन्सर आसतोय, ज्योत ग्येली की वॉल बंद. मग नळ बंद करून परत सोडायचा, टकटक करून पेटतोय. म्हंजी तरास हाय, धोका न्हाई. तुमचा प्लंबर तरासाला भेवून तुमाला धोक्यात ठेवतोय.

वाऱ्यासाठी तीन बाजूनं पत्रा मारायचा. समोरची बाजू नि तळ उघडा, वर धूर जायला हातभर मोकळं, त्याच्यावर कडाप्पा न्हाईतर पत्र्याची पडवी. काय लोकं हौसेनं चारी बाजूनं कपाट करत्यात नि दार लावत्यात. मग त्यो आतल्या आत गुदमरतोय, काजळी धरतोय. बाहेर काढून उपेग काय?

आन सगळ्यात मोठी चूक सांगतो. बाहेर काढत्यात नि बरोबर बाथरूमच्या खिडकीखाली बसवत्यात, पाइप कमी लागतो म्हणून. धूर सरळ वर जाऊन खिडकीतनं आत. म्हंजी गिझर बाहेर नि माणूस धुरात. खिडकीपासनं बाजूला सारा, खाली तर आजिबात नगं. शेजाऱ्याच्या खिडकीचं पण बगा, बोळ दोघांचा आसतो.

सिलिंडर उभाच ठेवायचा, गटाराच्या झाकणाजवळ न्हाई. ह्यो ग्यास हवेपेक्षा जड, गळला तर खाली बसतोय नि गटारात उतरतोय. रबरी नळीवर तारीख छापलेली आसती, पाच वर्सं झाली की बदला. आन दोन मोठे सेल आसत्यात ते पावसाळ्यात गंजत्यात. गिझर पेटंना म्हणून मला बोलवत्यात, मी सेल बदलून पैसे घेतो. मला बी वाईट वाटतंय.

प्रेशरचं म्हणाल तर गिझर जेवढा खाली बसवाल तेवढं प्रेशर जास्त.

गणिती_किडा | 6 जानेवारी, रात्री 9:48

तात्या, दंडवत. फक्त शेवटच्या ओळीला हरकत. गिझर पेटतो तो वाहत्या पाण्यावर, आणि पाणी किती वाहणार हे टाकी आणि नळ यांच्या उंचीतल्या फरकावर ठरतं. गिझर मध्ये कुठेही असो. दहा मीटर उंचीला एक बार, म्हणजे गच्चीवरच्या टाकीपासून नळ तीन मीटर खाली असेल तर 0.3 बार. त्यातलं थोडं लांब पाइप आणि प्रत्येक एल्बो खाऊन टाकतो. म्हणून वळणं कमी ठेवा.

फिटर_तात्या | 6 जानेवारी, रात्री 9:55

बरोबर हाय. आमी बी एल्बो कमीच लावतो, तुमच्यागत कारण म्हाईत नव्हतं.

गावभागातला | 7 जानेवारी, सकाळी 10:12

सातारकर वाऱ्याचं विचारतायत. आम्हा सांगलीकरांना आधी विचारावं लागतं, किती उंचीवर?

आमचा गिझर मागच्या दारी कमरेएवढ्या उंचीवर होता. ऑगस्ट 2019 चा महापूर. सगळं गाव एकच विचारत होतं, आयर्विन पुलाला पाणी किती फूट? 40 ला इशारा, 45 ला धोका, आणि नंतर फूट मोजणं सोडून लोक जिने मोजायला लागले. आम्ही माडीवर. परत आलो तेव्हा गिझरच्या आत गाळ, सांदीसांदीत चिखल बसलेला. आणि सिलिंडर गायब. तो तिसऱ्या घराच्या कंपाउंडात सापडला. भरलेला होता, तरी तरंगत गेला.

चहाबाज | 7 जानेवारी, सकाळी 10:20

भरलेला? तीस किलोचं लोखंड तरंगतं होय?

गणिती_किडा | 7 जानेवारी, सकाळी 10:31

तरंगतं. रिकामा सिलिंडर साधारण 15-16 किलो, आत 14.2 किलो गॅस, मिळून तीसच्या आसपास. पण आतलं माप 33 लिटरच्या वर आहे. तेवढं पाणी बाजूला सारलं की वजन कमी पडतं.

गावभागातला | 7 जानेवारी, सकाळी 10:40

आम्हाला हे गणित न करता कळलं. आता गिझर पहिल्या मजल्याच्या सज्ज्यात आहे आणि सिलिंडरला साखळी. 2021 ला पाणी आलं तेव्हा दोन्ही जागेवर होते.

अवांतर: साताऱ्याला कास तलावाचं मऊ पाणी. आमच्या बोअरच्या पाण्याने गिझरच्या तांब्याच्या नळीत दोन वर्षांत खडीसाखर होते. नळाला पाणी कमी झालं की आधी क्षार बघा, प्रेशरला दोष देऊ नका.

निवांत | 7 जानेवारी, सकाळी 11:00

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे. परत "सोलर"च लिहिलं होतं.)

बोगद्याखालची | 7 जानेवारी, रात्री 8:15

मंगळवारपेठी, मी तुमच्या जवळचीच. एक राहिलं, वानरं. आमच्या गिझरचा फोम त्यांनी सोलून काढला, केळ्यासारखा. नंतर मिस्टरांनी फोमवर जुन्या पीव्हीसी पाइपची खोळ चढवली. चार महिने झाले, अजून तरी टिकली आहे. आता ती फक्त गिझरवर बसून आमच्याकडे बघतात. उबेला येत असावीत.

मंगळवारपेठी | 27 जानेवारी, रात्री 9:10

धागा वर काढतोय. काम झालं.

तात्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला होता, ते स्वतः आले. आधी मागच्या बोळात उभे राहिले, खिशातून विडीची काडी काढून पेटवली आणि ती कशी विझते ते तीनदा बघितलं. म्हणाले, हितं नगं. बोळ पश्चिमेला तोंड करून आहे, यवतेश्वरच्या अंगाने येणारं वारं सरळ त्यात शिरतं. मग पूर्वेच्या बाजूला, जिन्याखालच्या भिंतीवर जागा काढली. खिडकीपासून सात फूट लांब. पाइप 24 फूट, एल्बो फक्त चार. कुपवाडकरीणताई, सीपीव्हीसी आणि फोम दोन्ही, वर वानरांसाठी खोळ. सगळं मिळून 6,800 रुपये.

आबांचं सांगतो. मी डॉक्टरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला होता. गणितही सांगितलं. आबा "हूं" म्हणाले आणि पेपर वाचत बसले. पण तात्यांनी जुना गिझर भिंतीवरून उतरवला तर मागची फरशी ताटाएवढी काळी. वर छतालाही तसाच डाग. इतकी वर्षं गिझरच्या आडोशाने कुणाला दिसलाच नव्हता. आबांनी बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, धोतराला पुसलं. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः रिक्षाने जाऊन वर बसवायला कडाप्पा घेऊन आले.

तक्रारी आहेतच. पहिलं गार पाणी लिटरभर जातं. तापमानाची कळ बाहेर, त्यामुळे आत माणूस "कमी कर" म्हणून ओरडतो आणि बाहेर दुसरा उलटी फिरवतो. परवा रात्री वाऱ्याने एकदा विझला. आईने पुठ्ठा मात्र परत लावलाय, आता लावू दे म्हणालो. भाची ठणठणीत आहे.

कुपवाडकरीण | 27 जानेवारी, रात्री 9:22

वाचून बरं वाटलं. मे महिन्यात बॅटरी मारून बघायला विसरू नका.

तोलमोल | 27 जानेवारी, रात्री 9:30

कडाप्पा भिंतीपासून किती पुढे काढलाय? आमच्याकडे पाऊस तिरका येतो.

मंगळवारपेठी | 27 जानेवारी, रात्री 9:34

18 इंच. तात्या म्हणाले पावसाळ्यात कमी पडला तर पुढे पत्र्याची पट्टी मारून देतो.

जुनंतेसोनं | 28 जानेवारी, सकाळी 6:50

तात्या सांगलीला येतात का? माझ्याकडचं नाही, मेहुण्याकडे करायचं आहे.

फिटर_तात्या | 28 जानेवारी, सकाळी 8:15

येतो की. मेव्हण्याच्या बाथरूमची खिडकी केवढी हाय?

जुनंतेसोनं | 28 जानेवारी, सकाळी 8:20

दीड बाय एक. सध्या बंद असते. हिला वारा सोसत नाही.

फिटर_तात्या | 28 जानेवारी, सकाळी 8:24

मेव्हण्याला सांगा, ऐतवारी धा वाजता विश्रामबागला पोचतो.